आधी काळं कुठं आहे ते बघा

मिरजेत आमचा फोटो स्टुडिओ होता. अण्णा डार्करूममध्ये लाल दिव्याखाली ट्रे हलवत असायचे आणि मी शेजारी स्टुलावर उभी राहून बघायची. कोरा कागद डेव्हलपरच्या रसायनात पडला की थोडा वेळ काहीच व्हायचं नाही. मग हळूहळू उमटायला लागायचं. आधी केस, भुवया, कोटाची कॉलर आणि अगदी शेवटी कपाळावरचा नि गालावरचा उजेड. "आधी काळं कुठं आहे ते बघ," अण्णा म्हणायचे. "काळं जागेवर बसलं की चेहरा आपोआप बसतो."

आता मी पुण्यात मुलाकडे असते. दर शुक्रवारी रात्री माझ्या तेरा वर्षांच्या नातीला, मुक्ताला, जुने कृष्णधवल हेरपट आणि रहस्यपट दाखवते. सुरुवातीला आम्ही दोघीच होतो. मग तिच्या दोन मैत्रिणी यायला लागल्या, आता सूनबाईही जेवणं लवकर आवरून येऊन बसते. ओळखीच्या बायका विचारतात, "तुमच्या घरातली मुलं हे बघतात तरी कशी? आमच्याकडे दहा मिनिटांत कंटाळतात. सगळे कोट-टोपीवाले एकसारखे दिसतात, कोण कुणाचा माणूस तेच कळत नाही." त्यांच्यासाठी, आणि तशीच अडचण असणाऱ्या सगळ्यांसाठी, हे लिहिते आहे. हे सिनेमे संथ नाहीत. ते बघायची रीत वेगळी आहे, आणि ती शिकता येते.

आमचा पहिला शुक्रवार साफ फसला होता. दुपारचे चार वाजलेले, पडदे उघडे, टीव्ही दुकानातून आला तसाच, आणि इंटरनेटवर फुकट सापडलेली कसलीतरी प्रत. काळं असायला हवं तिथे राखाडी, चेहरे खडूसारखे पांढरे, आवाज खरखरीत. वीस मिनिटांत मुक्ताने मोबाइल हातात घेतला. तिची काही चूक नव्हती. तिला सिनेमा दिसलाच नव्हता. त्या दिवशी ठरवलं की आधी टीव्ही आणि खोली नीट करायची, मग गोष्ट.

टीव्ही आणि खोली

टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचे वेगवेगळे प्रकार असतात. 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' असेल तर ते काढा आणि 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' यापैकी जे असेल ते लावा. दुसरी गोष्ट, हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय हल्ली बहुतेक टीव्हींत असते. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, पण नावात 'मोशन' हा शब्द बहुधा सापडतो. ती बंद करा. बोलपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही त्यांच्या मधली चित्रं स्वतःच्या मनाने तयार करून भरतो आणि मग १९३५ सालचा लंडनचा रस्ता काल मालिकेत बघितल्यासारखा दिसायला लागतो.

मग काळं तपासा. काळा कोट घातलेला माणूस अंधाऱ्या भिंतीसमोर उभा आहे असं दृश्य शोधा आणि तिथे थांबा. कोटाची कड भिंतीपासून जेमतेम सुटी दिसली पाहिजे. कोट आणि भिंत एकजीव झाली तर ब्राइटनेस एक-दोन घरं वाढवा. भिंतीवरचे पोपडे दिसायला लागले तर कमी करा. अण्णा प्रिंट वाळली की ती खिडकीशी नेऊन असंच काळ्या भागात डोळे घालून बघायचे. या कामाला पाच मिनिटं लागतात आणि ती वाया जात नाहीत.

चित्र ताणू नका. त्या काळचा पडदा जवळजवळ चौकोनी, उंचीच्या सुमारे १.३७ पट रुंद. त्यामुळे आजच्या लांबट टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, त्या येऊ द्या. 'झूम' केलं की वरून टोप्या कापल्या जातात आणि खालून हात. हातांचं महत्त्व पुढे सांगते. आणि नंतर रंग भरलेल्या प्रती मिळतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. ज्या माणसाने प्रत्येक दिवा करड्या छटांचा हिशेब करून लावला, त्याचं सगळं काम त्यात पुसलं जातं.

प्रत निवडताना 'रिस्टोअर्ड', म्हणजे दुरुस्त करून स्वच्छ केलेली, हा शब्द शोधा. आणि इंग्रजी उपशीर्षकं खुशाल लावा. जुन्या ब्रिटिश बोलण्याला कान सरावायला वेळ लागतो, आणि हेरपटात एक नाव निसटलं की पुढचा अर्धा तास चाचपडण्यात जातो.

खोलीत टीव्हीच्या मागे एक लहान दिवा पुरे. समोरचा ट्यूबलाइट काचेत दिसता कामा नये. खायला मी भाजलेल्या शेंगा सोलून वाटीत ठेवते. पाकिटं चालत नाहीत, कारण या सिनेमांत पाऊल, किल्ली, शिट्टी, घड्याळ यांचे आवाज कामाचे असतात आणि पाकिटाच्या चुरचुरीत ते बुडतात.

पहिला सिनेमा तासाभराचा निवडा

थेट गाजलेल्या, मोठ्या नावाच्या सिनेमाला हात घालू नका. मी शेरलॉक होम्सपासून सुरुवात करते. बॅसिल रॅथबोन होम्स आणि नायजेल ब्रूस वॉटसन, असे १९३९ ते १९४६ या काळात चौदा चित्रपट निघाले. पहिले दोन जुन्या, घोडागाडीच्या लंडनमधले. पुढचे बारा युनिव्हर्सल या अमेरिकी स्टुडिओने काढले आणि होम्सला थेट तेव्हाच्या चालू काळात आणून ठेवलं. १९४२ साल, महायुद्ध चालू. त्यामुळे सुरुवातीच्या काहींमध्ये होम्स नाझी हेरांच्या मागावर आहे. तपास करणारा डिटेक्टिव्ह आणि हेर दोन्ही एकाच सिनेमात भेटतात, तेही तास-सव्वा तासात.

त्यातला १९४६ चा 'टेरर बाय नाइट' साठ मिनिटांचा आहे. लंडनहून एडिंबराला निघालेली रात्रीची गाडी, एक हिरा, डब्यातले मोजके प्रवासी. जागा बंदिस्त, वेळ ठरलेला, माणसं मोजता येण्याजोगी. नव्या प्रेक्षकाला हे फार सोयीचं पडतं.

चेहऱ्यांच्या गोंधळावर मुक्ताने स्वतःच उपाय काढला, तो मला फार आवडतो. तिने वही घेतली आणि प्रत्येक माणसापुढे एकच खूण लिहिली: 'टोपी तिरकी', 'हातमोजे', 'चालताना पाय ओढतो', 'आवाज नाकातला'. रंगीत सिनेमात आपण नकळत 'ती लाल साडीवाली' असं लक्षात ठेवतो. इथे ती सोय नाही. स्टुडिओत अण्णा गिऱ्हाइकाला सांगायचे की लाल साडी आणि हिरवा ब्लाउज फोटोत सारखेच करडे येतील, काठ उठून दिसणारं काहीतरी नेसून या. त्या काळच्या सिनेमातले लोकही कपडे निवडताना करडी छटा कशी येईल ते बघत. म्हणून माणूस लक्षात ठेवायचा तो आकाराने: टोपीने, खांद्याने, चालीने.

उजेड कुठून येतोय?

हा आमचा खेळ आहे. कुठल्याही दृश्यात मी हळूच विचारते आणि मुलींनी बोट दाखवायचं. खिडकीतून? टेबलावरच्या दिव्यातून? खालून? माणसाच्या पाठीमागून? चौथ्या शुक्रवारपर्यंत त्या न विचारता बोटं दाखवायला लागल्या.

उजेड समोरून, वरून आला की चेहरा सरळ दिसतो, माणूस भरवशाचा वाटतो. बाजूने आला की अर्धा चेहरा काळ्यात जातो, मग त्याचा निम्मा हेतू आपल्याला कळलेला नाही असं मन धरून चालतं. खालून आला की ओळखीचा चेहराही परका होतो. पाठीमागून आला की नुसती कड उरते, माणूस आहे पण कोण ते कळत नाही. हेरपटाला यापेक्षा जास्त काय लागतं? संवादांत अजून काही उघड झालेलं नसतं आणि दिव्यांनी सगळं सांगून टाकलेलं असतं.

ही विद्या बरीचशी जर्मनीची. १९२० च्या दशकात तिथल्या स्टुडिओंत सावल्यांचं काम फार पुढे गेलं होतं. तरुण ब्रिटिश दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक तेव्हा तिथे काम करून आला होता. १९३३ नंतर नाझींमुळे तिथले अनेक कलावंत देश सोडून पॅरिस, लंडन, हॉलिवुडला गेले आणि सोबत तो अंधार घेऊन गेले. आपल्या मालाडलाही त्या विद्येचा एक धागा पोचलेला आहे. १९३४ साली उभ्या राहिलेल्या बॉम्बे टॉकीजमध्ये योझेफ विर्शिंग हा जर्मन कॅमेरामन होता. १९४९ चा 'महल' त्याने टिपला. तो हेरपट नाही, पण मधुबालाच्या चेहऱ्यावरचा उजेड आणि त्या वाड्याचा काळोख बघाल तर नातं लगेच ओळखू येईल.

हात आणि वस्तू

आता हातांकडे. या सिनेमांत चेहरे खोटं बोलतात, तो त्यांचा धंदाच आहे. खरं काय ते हातात, खिशात, टेबलावर असतं. म्हणून मी मुलींना सांगते, बोलणाऱ्याकडे थोडं कमी बघा, आणि दिग्दर्शकाने कुठली वस्तू जवळून दाखवली ते लक्षात ठेवा. विनाकारण एकही वस्तू जवळून दाखवत नाहीत.

हिचकॉकचा 'द थर्टी नाइन स्टेप्स', १९३५. रॉबर्ट डोनॅटचा हॅने हा साधा माणूस. त्याच्या घरात आसऱ्याला आलेल्या एका बाईचा खून होतो, आळ त्याच्यावर येतो आणि तो स्कॉटलंडकडे पळतो. मरण्याआधी बाईने एक खूण सांगितलेली असते: ज्याच्यापासून जपायचं त्याच्या करंगळीचं वरचं पेर नाही. एवढं ऐकलं की तुम्ही पुढे भेटणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हाताकडे बघायला लागता. दिग्दर्शकाने एका वाक्यात तुम्हाला पहारेकरी करून टाकलेलं असतं.

याच सिनेमातलं एक दृश्य मी थांबवून थांबवून दाखवते. पळत पळत हॅने एका एकाकी शेतकऱ्याच्या घरी रात्रीपुरता उतरतो. शेतकरी वयस्क, कर्मठ, संशयी. बायको तरुण, ग्लासगोची, शहराच्या आठवणीने झुरणारी. ती भूमिका पेगी अ‍ॅशक्रॉफ्टची. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पडलंय आणि त्यात खुनाची बातमी. नवरा डोळे मिटून जेवणाआधीची प्रार्थना म्हणतोय. हॅनेची नजर वारंवार त्या कागदाकडे जाते. ती बाई ते बघते. तिची नजर बातमीवर जाते, तिथून त्याच्या चेहऱ्यावर. तिला कळतं. त्याला कळतं की तिला कळलं. तो नुसत्या डोळ्यांनी विनवतो. आणि तेवढ्यात नवरा प्रार्थना म्हणता म्हणता डोळे उघडतो, या दोघांची नजरानजर बघतो आणि त्याचा भलताच अर्थ लावतो.

सगळं मिळून मिनिटभराचं काम, प्रार्थनेचे शब्द सोडले तर कुणी काही बोलत नाही. तीन माणसं, एक कागद, तीन वेगवेगळे समज. पहिल्यांदा बघाल तेव्हा फक्त बाईच्या डोळ्यांकडे बघा. मग मागे नेऊन फक्त नवऱ्याकडे. मुक्ताने तिसऱ्यांदा फक्त वर्तमानपत्राकडे बघितलं, आणि ते टेबलावर कसं ठेवलंय, कुणाच्या बाजूने वाचता येईल, हे मला समजावून सांगितलं. मला इतकी वर्षं ते दिसलं नव्हतं.

त्याच सिनेमात कानांसाठीही एक जागा आहे. कामवाली बाई खोलीत येते, तिला मृतदेह दिसतो, ती आपल्याकडे वळून किंचाळायला तोंड उघडते आणि ऐकू येते आगगाडीची शिट्टी. पुढच्याच क्षणी गाडी बोगद्यातून बाहेर येतेय आणि तिच्यात हॅने आहे. ब्रिटनमध्ये बोलपट येऊन तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षं झाली होती.

त्यानंतर 'द लेडी व्हॅनिशेस', १९३८. पुन्हा आगगाडी. एक म्हातारी प्रवासी बाई गायब होते आणि डब्यातले सगळे म्हणतात की अशी कुणी बाई नव्हतीच. चहा पिताना गाडीच्या खडखडाटात तिचं नाव ऐकू येत नाही म्हणून तिने खिडकीच्या धुरकट काचेवर बोटाने ते लिहिलेलं असतं. ती काच विसरू नका. आणि तिच्या चहाच्या पुड्याचं लेबलही लक्षात असू द्या. बाकी मी काही सांगणार नाही.

मग 'नोटोरियस', १९४६. इन्ग्रिड बर्गमन, कॅरी ग्रँट, क्लॉड रेन्स. रिओमधल्या एका घरात शिरलेली बाई आणि तळघरातल्या दारूच्या कोठाराची किल्ली. मेजवानीच्या दृश्यात कॅमेरा जिन्याच्या वर, उंच. खाली सगळा दिवाणखाना, झुंबर, पाहुणे. तिथून तो न तुटता खाली खाली येतो, गर्दी बाजूला पडते, बर्गमन मोठी होत जाते आणि शेवटी सगळा पडदा तिच्या मुठीने भरतो. मुठीत किल्ली. झुंबरांच्या, शंभर माणसांच्या त्या घरात महत्त्वाचं एवढंच आहे, हे एकही शब्द न बोलता सांगितलेलं.

मुलांसोबत बघत असाल तर त्यांना शॅम्पेनच्या बाटल्या मोजायला सांगा. वरच्या संपल्या की नोकर कोठारात जाणार आणि चोरी उघडकीला येणार. दिग्दर्शक मधूनमधून बर्फातल्या बाटल्या दाखवत राहतो, दर वेळी कमी. आमच्या घरी त्या रात्री तिघी मुली सोफ्यावरून खाली सरकून टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसल्या होत्या, आणि धाकटी दबक्या आवाजात आकडा सांगत होती. पुढे कॉफीचे कप येतात. त्यांच्याकडेही बघा.

गुपित काय आहे यात अडकू नका

नवा प्रेक्षक इथेच दमतो. कागदात नेमकं काय लिहिलंय, कुठल्या देशाला हवंय, कुणाचा माणूस कुणाला विकला गेला, हे सगळं जुळवत बसतो. हिचकॉक असल्या गुपिताला 'मॅकगफिन' म्हणायचा: पात्रांना त्याची जिवापाड किंमत, प्रेक्षकाला मात्र फक्त निमित्त. धागा सुटला तर सिनेमा थांबवून शोधू नका. दोनच प्रश्न धरून ठेवा. आत्ता कोण कुणाला घाबरतंय, आणि कुणाला काय माहीत आहे जे दुसऱ्याला माहीत नाही. एवढ्यावर सिनेमा नीट कळतो. बाकीचं दुसऱ्यांदा बघताना येतं. हे सिनेमे दोनदा बघायचेच असतात, दोन बघण्यांत आठवडाभर अंतर ठेवून.

मात्र सालाकडे लक्ष द्या. मी वहीच्या पानावर वर साल मोठ्या आकड्यांत लिहायला लावते. 'द थर्टी नाइन स्टेप्स'मध्ये शत्रुदेशाचं नावच नाही, 'द लेडी व्हॅनिशेस'मध्ये देश काल्पनिक आहे. युद्ध अजून लागलेलं नव्हतं. पण त्या दुसऱ्या सिनेमात शेवटाकडे एक माणूस, आपण सभ्यपणे बोललो तर समोरचेही सभ्य वागतील अशा भरवशावर, पांढरा रुमाल हलवत डब्यातून खाली उतरतो. त्याचं काय होतं ते बघा आणि मग आठवा की साल १९३८ आहे आणि त्याच सप्टेंबरात म्युनिकचा करार झाला, ज्यात ब्रिटन-फ्रान्सने शांतता टिकेल या भरवशावर हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा देऊन टाकला. सूनबाई इतिहास शिकवते. तिने तो सिनेमा संपल्यावर मुलींना अर्धा तास म्युनिक समजावलं, आणि मुली झोप विसरून ऐकत होत्या.

अमेरिकी सिनेमांबद्दल आणखी एक. १९३४ पासून तिथे काय दाखवायचं नि काय नाही याची नियमावली कडक झाली. रक्त, शय्या, क्रौर्य यांवर बंधनं. त्यामुळे दारामागची सावली, हातातून पडलेला पेला, विझणारा दिवा यांवर काम भागवावं लागलं. हे लोक सुचवण्यात इतके तयार झाले त्याचं मोठं कारण ही बंधनं आहेत, असं माझं मत आहे.

आपल्याकडचे दोन

चार-पाच परदेशी सिनेमे झाले की 'सी. आय. डी.' लावा, १९५६ चा. निर्माता गुरुदत्त, दिग्दर्शक राज खोसला, कॅमेरा व्ही. के. मूर्ती. देव आनंद पोलीस अधिकारी, वर्तमानपत्राच्या संपादकाचा खून, आणि वहीदा रेहमानचा पहिला हिंदी सिनेमा. परदेशी हेरपट बघितलेल्या मुलांना गाणी आडवी येतील असं मला वाटलं होतं, पण इथे एक गाणं तर कथेचंच हत्यार आहे: खलनायकाचं लक्ष गुंतवून ठेवण्यासाठी वहीदा नाचते. तिची नजर कुठे आहे आणि तिला खरं कुठे बघायचंय ते बघत राहा. मुक्ता लगेच म्हणाली, "आजी, हे तर प्रार्थनेच्या टेबलासारखंच आहे."

मग आपला 'पाठलाग'. १९६४, राजा परांजपे यांचं दिग्दर्शन, काशिनाथ घाणेकर आणि भावना. हेर नाहीत, पण कोर्ट आहे, संशय आहे आणि ही बाई कोण हा एकच प्रश्न शेवटपर्यंत टांगलेला आहे. यावरूनच राज खोसलांनी १९६६ मध्ये 'मेरा साया' केला, तो रंगीत. दोन शुक्रवारी लागोपाठ दोन्ही लावा. 'मेरा साया' देखणा आहे, गाणी घराघरात पोचलेली आहेत. पण एकच चेहरा, एकच शंका, एकदा काळ्यापांढऱ्यात आणि एकदा रंगात बघितल्यावर मला काय म्हणायचंय ते जेवढं कळतं तेवढं माझ्या लिहिण्याने कळणार नाही. आमच्याकडे मत फुटलं. मैत्रिणी 'मेरा साया'च्या बाजूच्या, मुक्ता आणि मी 'पाठलाग'च्या.

करडा

डोळा तयार झाला की १९६५ चा 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' बघा. रिचर्ड बर्टन. दिग्दर्शक मार्टिन रिट, कॅमेरा ऑस्वल्ड मॉरिस. तोवर हेरपट रंगीत झाले होते, गाड्या, समुद्रकिनारे, सुंदर बायका सगळं आलं होतं. यांनी मुद्दाम कृष्णधवल केला. सुरुवात बर्लिनच्या भिंतीशी, रात्री, तपासणी नाक्यावर. तो नाका त्यांनी डब्लिनमध्ये उभा केला होता.

मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा अस्वस्थ झाले, कारण त्यात ना लखलखीत पांढरं होतं ना गडद काळं. करडे कोट, करडं आभाळ, करडे चेहरे. स्टुडिओत अशी प्रिंट निघाली असती तर अण्णांनी फाडून टाकली असती. अर्ध्या सिनेमानंतर उमगलं की हे मुद्दाम आहे. आपली बाजू कुठली आणि त्यांची कुठली, हे दिव्यांनीसुद्धा सांगायचं नाकारलंय. १९३५ च्या सिनेमात काळ्यातून पांढऱ्याकडे जाता यायचं. इथे तसं कुठे जाताच येत नाही. मुक्ताला मी तो अजून दाखवलेला नाही. दोन-तीन वर्षांनी दाखवीन.

सगळ्यात शेवटी व्हिएन्ना

'द थर्ड मॅन' मी राखून ठेवते. १९४९, दिग्दर्शक कॅरल रीड, लेखन ग्रॅहम ग्रीन. महायुद्धानंतर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया अशा चौघांनी वाटून घेतलेलं व्हिएन्ना. चार देशांचे चार शिपाई एका जीपमधून गस्त घालताहेत. एक अमेरिकी लेखक मित्राला भेटायला येतो आणि त्याला कळतं की मित्र मेलाय. यापुढे कुठेही काही वाचू नका, भूमिका कुणाकुणाच्या आहेत तेसुद्धा. निर्मात्यांनीच ते पोस्टरवर छापून टाकलंय, पण तुम्ही बघू नका.

या सिनेमाच्या दोन प्रती फिरतात. ब्रिटिश १०४ मिनिटांची, अमेरिकी ९३ मिनिटांची. सुरुवातीचं निवेदन ब्रिटिश प्रतीत दिग्दर्शकाच्या स्वतःच्या आवाजात आहे, अमेरिकीत नायक जोसेफ कॉटनच्या. १०४ वालीच घ्या.

रस्त्यांकडे बघा. रात्रीची दृश्यं घेताना फरसबंदी पाण्याने भिजवून घेत. कोरडा दगड रात्री उजेड पिऊन टाकतो, ओला दगड परत फेकतो. त्यामुळे एका लांबच्या दिव्यावर सगळी गल्ली उमटते आणि धावणाऱ्या माणसाची सावली तिमजली होते. छायालेखक रॉबर्ट क्रास्करला त्या कामाचं ऑस्कर मिळालं, आणि माझ्या मते एवढं योग्य ऑस्कर क्वचितच कुणाला मिळालं असेल. चौकट वारंवार तिरकी का आहे, हा प्रश्न मुलं विचारतातच. उत्तर देऊ नका. तिरकी कधी होते आणि सरळ कधी होते ते त्यांना टिपू द्या. संगीत एकाच वाद्याचं आहे, झिदर नावाच्या तंतुवाद्याचं. आन्टोन कारास हा व्हिएन्नाच्या मद्यगृहात वाजवणारा माणूस, रीडच्या कानावर पडला आणि सगळा सिनेमा त्याच्या बोटांवर उभा राहिला.

मध्ये कुठेतरी एक अंधारं दार येईल, मांजर येईल आणि एका बुटांच्या जोडावर जाऊन बसेल. त्या दारात आधी काळंच बघा. नीट बघा. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकीत दिवा लावेपर्यंत तुम्हाला वेळ आहे.

आणि शेवटचं दृश्य सुरू झालं की रिमोटला हात लावू नका. दफनभूमीचा लांब सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना उंच झाडं, पानं गळताहेत. बाजूला कॉटन उभा आहे. दूरवरून नायिका अलिडा वल्ली चालत येतेय, आधी नुसता काळा ठिपका, मग कोट, मग चेहरा, जसा डेव्हलपरमधून यावा तसा. शेवट कसा करायचा यावरून ग्रीन आणि रीड यांचं जमत नव्हतं. रीडने आपलंच खरं केलं, आणि ग्रीनने नंतर त्याचंच बरोबर होतं असं कबूल केलं. ती मिनिटभराहून जास्त वेळ चालत राहते. झिदर वाजत असतं. आमच्या घरी तोवर कुणी उठत नाही, आणि दिवा मुक्ता लावते, पडदा पूर्ण काळा झाल्यावर.